सासूबाईंच्या खात्यातून

टेबलावर अकरा वस्तू होत्या. फोन, फोनचा चार्जर, अर्धा कप गार चहा, त्यावर झाकलेली बशी, बाबांच्या चष्म्याची रिकामी डबी, दोन पेन्सिली, खोडरबर, काचेचा कागददाब, कानाच्या यंत्रांचं माहितीपत्रक आणि एक मुंगी. मुंगीला वस्तू म्हणावं का यावर तिने थोडा विचार केला आणि म्हणावं असं ठरवलं, कारण मोजताना जे समोर आहे ते धरायचं, आवडनिवड बघायची नाही, असं तिला प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. हे सगळं मोजत बसायला कारण होतं. फोनच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'खरेदीदाराने पैसे भरले आहेत' असं येऊन पाच मिनिटं झाली होती, आणि तिच्या बँकेच्या खात्यात एक पैसाही आलेला नव्हता. मनात एक लहानशी धास्ती होती. धास्ती मोजता येत नव्हती, म्हणून ती टेबल मोजत होती.

ती नाणी विकत होती. नाणी म्हणजे खिशात वाजणारी नव्हेत, संगणकावरची. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या हौशी हवामान-निरीक्षकांच्या एका मंडळाला तिने त्यांच्या तापमापकांच्या चुका दुरुस्त करणारी कोष्टकं करून दिली होती. मंडळाकडे बँकेत खातं नव्हतं, उत्साह मात्र पोतंभर होता, त्यामुळे मोबदला असा न दिसणाऱ्या नाण्यांत मिळाला आणि आजवर पडून राहिला. आता ती नाणी विकून संध्याकाळी सहाच्या आत कानाच्या यंत्रांच्या दुकानात पैसे भरायचे होते. दुकानदारीण बाईने बाबांसाठी एक जोडी सवलतीत बाजूला काढून ठेवली होती. सहा वाजेपर्यंत. त्यानंतर यादीतला पुढचा कान.

विकत घेणारा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. साइटवर त्याने स्वतःच्या तोंडाऐवजी एका फुगलेल्या पावाचा फोटो लावला होता, म्हणून तिने मनातल्या मनात त्याचं नाव बेकरीवाला ठेवलं. सौद्याची रीत सरळ होती. तिची नाणी साइटने आधीच काढून मधल्या खात्यात ठेवली होती, एस्क्रो म्हणतात त्याला. बेकरीवाल्याने पैसे थेट तिच्या बँकेत भरायचे. पैसे दिसले की तिने 'नाणी सोडा' हे बटण दाबायचं आणि नाणी त्याच्याकडे जायची. तोपर्यंत ती ना तिची, ना त्याची. भांडण झालंच तर साइटचा माणूस मध्ये पडणार.

"मॅडम, भरले. सोडा आता," बेकरीवाल्याने लिहिलं.

"पैसे माझ्या खात्यात दिसल्यावर पुढील कार्यवाही करण्यात येईल," तिने लिहिलं.

"पावतीचा फोटो पाठवलाय की."

"फोटो हा पैशांचा पुरावा नसून फोटोचा पुरावा आहे."

हे वाक्य तिचं नव्हतं, कामावरच्या पैलवानाचं होतं. पैलवान म्हणजे प्रयोगशाळेत वीस-वीस किलोची वजनं उचलून काट्यावर ठेवणारा तिचा सहकारी. दुकानांचे, औषधवाल्यांचे काटे तपासणं हे त्या दोघांचं काम, आणि जगातल्या कुठल्याही काट्यावर पैलवान विश्वास ठेवत नसे. पण मागच्या वर्षी त्याने अशीच थोडी नाणी विकली, बँकेचा वाटावा असा हुबेहूब मेसेज आला, आणि त्याने खातं न उघडताच बटण दाबलं. "अगं, बँकेचा शिक्का होता मेसेजवर!" तो आठवडाभर सांगत फिरत होता. मेसेज बँकेचा नव्हता, शिक्काही नव्हता आणि नाणी गेली ती गेलीच. तेव्हापासून तो चहावाल्याने परत दिलेली चिल्लर तीनदा मोजतो. काट्याचा आकडा हलायचा थांबल्याशिवाय नोंदवायचा नाही, हे पैलवान नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवतो, आणि फोनवरचा आकडा मात्र त्याने हलता असतानाच नोंदवला. माणसाला जे येतं ते त्याला एकाच खोलीत येतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आपलंही तसंच असेल. आपली खोली कोणती, हे आज कळणार.

दार ढकलून बाबा आत आले. "विकलं का गं ते तुझं न दिसणारं सोनं?"

"अजून नाही!"

"बरं झालं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसून खालच्या रखवालदाराच्या मुलाने नोकरी कशी सोडली ते सांगू लागले. तिने हात हलवून नाही असं दाखवलं, मग पुन्हा मोठ्याने सांगितलं, पण बाबा पुढे निघून गेले होते. तीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात, काच काचेवर आपटत जाणाऱ्या पट्ट्याशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांचे, मग मुलांचे. बाबा मूळचे गप्पिष्ट. पूर्वी ते निम्मं बोलायचे आणि निम्मं ऐकायचे. आता ते सगळंच बोलतात. ऐकावं लागू नये म्हणून बोलत राहतात, हे तिच्या लक्षात यायला बराच काळ लागला होता. समोरच्याने तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य टाकायचं, म्हणजे 'काय म्हणालास?' असं विचारायची वेळच येत नाही. आणि अलीकडे, गेल्या महिन्यापासून, ते वाक्यंही आखडती घेऊ लागले होते.

दुकानाने ती यंत्रं एक आठवडा वापरून बघायला दिली होती. पहिल्याच सकाळी बाबा फ्रिजसमोर जाऊन उभे राहिले. "हा किती दिवस असा कण्हतोय?" त्यांनी विचारलं. पहिल्यापासून, ती म्हणाली, हळू आवाजात, मुद्दाम. "आणि तुम्ही कोणी मला सांगितलं नाहीत!" मग दिवसभर ते घरभर आवाज शोधत हिंडले. नळ, बिजागरी, स्वतःच्या चपला. आठव्या दिवशी यंत्रं डबीत घालून परत केली तेव्हा म्हणाले, "शांत होतं तेच बरं होतं." आणि संध्याकाळी, कोणी बघत नाही असं समजून, ते फ्रिजच्या कुशीवर तळवा टेकवून उभे होते.

फोन थरथरला. या वेळी तिने मेसेज वाचलाच नाही. बँकेचं ॲप स्वतः उघडलं. पैसे आले होते, ठरल्याइतके, पैशापर्यंत बरोबर. अंगठा बटणाकडे निघालाही, आणि वाटेत थांबला. पाठवणाऱ्याचं नाव बाईचं होतं. साइटवर कागदपत्रं दाखवून पक्कं झालेलं बेकरीवाल्याचं नाव पुरुषाचं.

"रक्कम प्राप्त. तथापि, पाठवणाऱ्याचे नाव आपल्या नोंदणीकृत नावाशी जुळत नाही. कृपया खुलासा करावा."

"सासूबाईंचं खातं आहे हो. माझ्या खात्याची आजची मर्यादा संपली. सकाळी मैद्याचं बिल भरलं ना."

तिने ते बाईचं नाव पुन्हा वाचलं.

"असं करा मॅडम, इथे नको. नंबर देतो, तिकडे फोनवर बोलू. इथे टाइप करताना स्क्रीनला पीठ लागतं."

हे मात्र तिच्या डोक्यातल्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. बाहेर बोलू म्हणणाऱ्याबरोबर बाहेर जायचं नाही. बाहेर जे बोलाल ते मध्ये पडणाऱ्या माणसाला दिसत नाही. आणि दुसऱ्याच्या नावाने आलेले पैसे हे दुसऱ्या क्रमांकावर. ते कोणाचे तरी चोरलेले असू शकतात. उद्या ती बाई पोलिसांत जाणार, बँक हिचं खातं गोठवणार आणि नाणी तोवर तिसऱ्याच देशात. सासूबाई! चोरालासुद्धा इतकी घरगुती थाप सुचली असती का? की सुचली असती म्हणूनच? तिने 'मदत हवी' दाबलं.

थोड्या वेळाने साइटचा माणूस बोलण्यात सामील झाला. त्याला नाव नव्हतं, नुसतं 'मध्यस्थ' असं लिहिलेलं होतं. त्याने दोघांचं सगळं वाचलं आणि शाळेतल्या शांत मास्तरांसारखा निकाल दिला. मॅडमनी पैसे आले त्याच खात्यात परत पाठवावेत. दुसऱ्या कुठल्या खात्यात नाही, साहेबांनी कितीही विनवलं तरी नाही. मग साहेबांनी स्वतःच्या खात्यातून भरावेत. जमत नसेल तर सौदा रद्द. नाणी तोवर माझ्याकडे.

तोवर माझ्याकडे. हे शब्द वाचताना तिला स्पिरिटचा वास आला. लहानपणी एका सुट्टीत मावशी त्यांच्याकडे राहायला होती. दवाखान्यात नर्स होती ती, आणि तिच्या हातांना घरीसुद्धा तोच वास यायचा. तेव्हा दादाकडे लोहचुंबक होतं आणि हिच्याकडे भिंग, आणि दोघांना दुसऱ्याचं हवं होतं. "आधी तू दे." "नाही, आधी तू." जेवण गार झालं तरी दोघं मुठी आवळून समोरासमोर उभी, कारण मागे एकदा दादाने घेऊन धूम ठोकली होती आणि तिनेही त्याला एकदा कागदात गुंडाळून दगड दिला होता. मावशीने दोन्ही तळवे पुढे केले. "ठेवा इथे. दोघांनी." मग तिने दोन्ही वस्तू उजेडात धरून पाहिल्या. "भिंगाला चरा आहे. चालेल का रे?" "चालेल." "चुंबकाचं एक टोक तुटलंय. चालेल का गं?" बराच विचार करून ती "चालेल" म्हणाली, आणि मावशीने हातांची फुली केली. इकडचा हात तिकडे, तिकडचा इकडे. चुंबक नंतर कुठेतरी हरवलं. पण फुली होण्याआधीचा तो क्षण, जेव्हा दोन्ही वस्तू दोघांच्याही नव्हत्या आणि तरी कोणालाच भीती वाटत नव्हती, तो तिच्याजवळ अजून होता. पुढे प्रयोगशाळेत काट्याचे दोन्ही बाजूंचे हेलकावे कमी कमी होत थांबताना पाहिलं की तिला तसंच काहीतरी वाटायचं.

"मॅडम," बेकरीवाल्याने लिहिलं, "एक विचारू? तुम्ही माणूस आहात ना?"

"हा प्रश्न कशासाठी?"

"'तथापि' लिहिणारं माणूस मी शाळेनंतर पाहिलेलं नाही. सासूबाई म्हणतात हे मशीन असणार. पैसे गिळून बसलंय. घाम फुटलाय हो मला."

ती खुर्चीत ताठ झाली. तासभर ती एका चोराकडे बघत होती, आणि आता तिच्या लक्षात आलं की तो चोर आरशातही होता. पैसे तिच्या खात्यात होते. नाणी अजून त्याला मिळालेली नव्हती. ती नुसती गप्प बसली तरी पलीकडच्या कुठल्यातरी पिठाळ खोलीत दोन माणसांची झोप उडणार होती. कानशिलं गरम झाली. गंमत म्हणजे त्यात थोडी मजाही होती, उंच भिंतीवरून वाकून बघताना तळव्यांना मुंग्या येतात तशी. मोजायचं तर दोघांनाही मोजायला हवं होतं, आणि तिने आजवर एकच बाजू काट्यावर ठेवली होती. माणूस आहोत हे अनोळखी माणसाला कसं दाखवायचं? नाव सांगायचं नाही, घर सांगायचं नाही, बाबांबद्दल तर नाहीच. मग उरतं काय?

"मला सासू नाही," तिने शेवटी लिहिलं. "पण असती तरी तिच्या खात्याला हात लावायची माझी छाती झाली नसती."

"हसल्या! सासूबाई हसल्या! मी वाचून दाखवतोय त्यांना. म्हणतात, बाई हुशार आहे, पैसे परत देईल."

तिने आधी अगदी थोडी रक्कम पाठवली. काट्यावर मोठं वजन चढवण्याआधी लहान ठेवून बघतात तशी. "आली का?" "आली." मग उरलेली सगळी. पलीकडून हात जोडलेली सहा चित्रं आली आणि मागोमाग, जीव भांड्यात पडलेल्या माणसासारखं भराभर बोलणं. आता त्याला मॅडमऐवजी ताई सुचू लागलं होतं. ताई, मी बँकेत जाऊन मर्यादा वाढवून घेतो. ताई, तासाभरात भरतो. नाणी आजच हवीत हो, कणीक मळायचं मोठं यंत्र घेतोय, परदेशातून, जुनं पण चांगलं, निम्म्या किमतीत. विकणारा म्हणतो सगळे पैसे आज नाण्यांत पाठवलेत तर तुमचं, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभंच आहे.

तिने हे वाचलं. मग पुन्हा वाचलं. निम्म्या किमतीत, सगळे आधी, आजच. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, आणि पाणी पत्र्यावर पडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. तिला येत होता. विचारलं नाही तर तासाभरात पैसे येतील, बटण दाबता येईल, पाच वाजता दुकानात पोचता येईल. विचारणं तिचं काम नव्हतं. काटा तपासायला गेलं की दुकानदार काय विकतो ते बघायचं नसतं, काटा खरा बोलतो की नाही एवढंच. बाबा शेजारच्या खोलीत स्वतःशी गुणगुणत होते, बेसूर, कारण त्यांना स्वतःचा सूरही ऐकू येत नव्हता. तिला त्यांचं सगळं गाणं ओळखू येत होतं आणि एकही सूर ओळखू येत नव्हता. तिने गार चहाचा घोट घेतला. मुंगी कपात होती. तिने ती पेन्सिलीच्या टोकाने काढून टेबलावर सोडली आणि फोन उचलला.

"यंत्राच्या त्या सौद्यात असा मधला माणूस आहे का?" तिने लिहिलं.

"म्हणजे?"

"तुमची नाणी कोणीतरी मध्ये धरून ठेवणार, आणि यंत्र पोचलं की मगच त्याला देणार, असं काही?"

"नाही. थेट त्याला. चांगला माणूस आहे, रोज गुड मॉर्निंग पाठवतो."

"तुम्ही माझ्याशी केलं तसं त्याच्याशी करा. मध्यस्थ घ्या म्हणावं. त्याला राग आला तर नाणी पाठवू नका."

"पण मग तुमची नाणी मी घेणार नाही ना ताई."

"हो," तिने लिहिलं. "ते मोजलंय मी."

सौदा रद्द झाला. नाणी सगळीच्या सगळी तिच्याकडे परत आली, आणि त्यांचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिने दुसरं गिऱ्हाईक शोधून पाहिलं. एकाने पहिल्याच ओळीत बाहेर बोलूया म्हटलं, दुसऱ्याचं खातं काल उघडलेलं होतं, तिसरा नुसता 'हाय' म्हणून गेला. बाबा येऊन दारात उभे राहिले.

"तोंड का गं असं? फसवलं का कोणी?"

तिने जोरजोरात मान हलवली. नाही. मग बाबांनी विचारलंच नाही की मग काय, कारण उत्तर ऐकू येणार नव्हतं. ते फक्त जवळ आले, कप उचलला, नवा चहा करून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. ती हसली. हसताना तिला वाटलं की मनातली धास्ती मघाशीच कधीतरी गेलीय, आणि कधी गेली ते नोंदवायचं राहून गेलं.

पाचाला थोडा वेळ असताना नवा सौदा उघडल्याचा संदेश आला. पावाचाच फोटो.

"ताई! त्याला मध्यस्थ घ्या म्हणालो. त्याने विचारलं, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का? सासूबाई म्हणाल्या, सांग नाही म्हणून. मी सांगितलं. त्याने मला माझ्या बेकरीवरून शिवी दिली आणि नाहीसाच झाला. फोटोसकट!"

"बरं झालं."

"बरं काय, गेले असते तर सासूबाईंचेच पैसे होते ते! आता आमच्याच ओळखीचा एक जुना दलाल आहे, महाग पडतो म्हणून सोडला होता. तो मध्यस्थाला तयार आहे. निम्मी नाणी आत्ता मधल्या खात्यात, निम्मी यंत्र आल्यावर. तर ताई, आज निम्मीच घेतो, मर्यादा वाढवून घेतलेल्या माझ्याच खात्यातून. चालेल का?"

निम्मी म्हणजे एक कान. तिने हे मनात मांडून पाहिलं, आणि एक कान हा शून्य कानांपेक्षा मोठा आकडा होता. "चालेल," तिने लिहिलं.

या वेळी बेकरीवाल्याने फोटो पाठवला नाही. सोडा म्हणाला नाही. तिने स्वतः खातं उघडलं. पैसे होते. नाव या वेळी त्याचंच होतं, तिने अक्षर अक्षर लावून पाहिलं, काना-मात्रेसकट. रक्कम पाहिली. ॲप बंद करून पुन्हा उघडलं आणि पुन्हा पाहिली, आकडा हलत नव्हता. मग तिने बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला. कुठे काही आवाज झाला नाही. 'खरेदीदाराचा अभिप्राय' या मथळ्याखाली लगेच ओळ उमटली: व्यवहार चोख. ताई संशयी आहेत, सर्वांनी त्यांच्याशीच सौदा करावा. आणि त्याखाली दुसरी, बहुधा दुसऱ्याच कोणीतरी सांगितलेली: भाषा सुधारली.

ती आणि बाबा दुकानात धावतच शिरले. दुकानदारीण बाई जोडीची डबी पुढे करणार तोच तिने एक बोट वर केलं. एकच. बाईने घड्याळ पाहिलं, डबी पाहिली, बाबांकडे पाहिलं, आणि दुसरं यंत्र आपल्या खणात टाकत म्हणाली, "महिनाभर मी कोणाला देत नाही. कोणता कान, काका?"

तिने तोच प्रश्न मोठ्याने बाबांच्या कानाशी विचारला.

"उजवा," बाबा लगेच म्हणाले. "जेवताना डावीकडे तुझी बडबडी आत्या बसते."

मग बाबांना काचेच्या खोलीत बसवलं. बाई पलीकडे बसली, तोंडासमोर पुठ्ठा धरला, म्हणजे ओठ बघून ओळखायची सोय नाही, आणि एकेक शब्द सावकाश म्हणू लागली. बाबा प्रत्येक शब्दानंतर थोडे थांबत होते, मग म्हणत होते. एकदा चुकले आणि स्वतःच हसले. दोन्ही फेऱ्या संपल्यावर बाईने कागदावर लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

यंत्राशिवाय: पंचवीसपैकी नऊ. उजव्या कानात यंत्र घालून: पंचवीसपैकी एकोणीस.